ठणठणीत माणसाचं अपील

सरकारशी सात वर्षं भांडून सरकारबद्दल एकही वाकडा शब्द न काढणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात एकच निघेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. काका फौजेत हवालदार होते. सरहद्दीवरच्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत कोसळली. कमरेखालचं शरीर गेलं, हातांना कायमचा कंप राहिला. अंघोळ, कपडे, घास भरवणं, कूस बदलणं, सगळं मावशी करते. काकांना विचाराल तर म्हणतील, "काम ती बघते. कमांड माझ्याकडं हाय." लोधिवलीच्या घराच्या ओटीवर चाकाच्या खुर्चीत बसून ते खरोखरच कमांड सांभाळतात. गॅस आणणाऱ्याने टेंपो तिरका लावला, तर तो मागे घेऊन सरळ लावल्याशिवाय टाकी उतरू देत नाहीत. आणि तो गडीही जाताना सलाम ठोकून जातो.

अशा जखमी जवानाला मदतनीस ठेवण्यासाठी वेगळा भत्ता मिळतो. काकांना तो मिळेना, याचं कारण खुद्द काका. डॉक्टरांच्या बोर्डापुढे जाणं म्हणजे त्यांच्या लेखी परेड. मावशीने गुळगुळीत दाढी करायची, ब्लेझरला कडक इस्त्री मारायची, मेडलं पुसायची, न चालणाऱ्या पायांतले बूट चमकवायचे. मग साहेब विचारणार, "स्वतः जेवता?"

"येस सर!"

"अंघोळ?"

"थंड पाण्यानं, सर!"

"अवो, खरं सांगा की! पानी कोन वततं?" मावशी दारातून कुजबुजायची. बाहेर आल्यावर काका तिलाच झापायचे, "साहेबासमोर 'जमत नाय' म्हणू? फौजेत तो शब्द शिकवलाच नाय."

निकाल आला : अर्जदार नीटनेटके व स्वावलंबी दिसतात, सबब मदतनिसाची गरज सिद्ध होत नाही. मावशीने राखलेली टापटीप हाच मावशीविरुद्धचा पुरावा! काकांनी मात्र तो कागद आल्यागेल्याला वाचून दाखवला. "बघा, सरकारनं लिहून दिलंय, नीटनेटका!" आणि लगेच मला खोपोलीहून बोलावून अपील लिहायला बसवलं. मी 'असहाय' लिहिलं की ते खोडून 'सज्ज' लिहायला लावत. मग तेही अपील फेटाळलं जाई.

तिसऱ्या अपिलाच्या तारखेला चार दिवस उरले असताना मावशी मोरीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मी रजा काढून गेलो. दाढी करताना मी काकांना तीन ठिकाणी कापलं, गुंड्या खालीवर लावल्या, भरवलेली डाळ अर्धी कॉलरवर सांडली. त्यांना खाटेवरून खुर्चीत घेताना माझी कंबर धरली. पन्नाशी उलटलेली ही किडकिडीत बाई रोज हे कसं करते, हे मी तोवर विचारलंही नव्हतं.

त्याच अवतारात आम्ही तिघं बोर्डापुढे गेलो. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गालावरच्या पट्ट्या पाहिल्या. "तुमचं रोजचं कोण करतं?"

काकांनी छाती काढली, तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर मावशीच्या प्लास्टरवर गेली.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मला कायच जमत नाय. ही करते. सात वर्षं हीच करते." त्यांना मान खाली घालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भत्ता मंजूर झाला. भिवपुरीचा एक धट्टाकट्टा माणूस कामाला लागला. तो पहिल्यांदा आला त्या सकाळी मी तिथेच होतो. तो आत काकांचं आवरत होता आणि मावशी ओटीवर नुसती उभी होती. आवरून काका बाहेर आले तरी उभीच.

"मंग मी काय करू आता?" तिने विचारलं.

काकांनी हनुवटीने शेजारची जागा दाखवली. "बस की गं इथं. बोल कायतरी."

ती बसली. इतकी वर्षं 'पानी कढत हाय का' आणि 'जरा कुशीवर व्हा' यापलीकडे दोघांचं बोलणंच झालं नव्हतं. मग मावशी म्हणाली, "डोंगरावर ढग उतरल्यात."

"हां गं," काका म्हणाले, आणि दोघं कितीतरी वेळ डोंगराकडे बघत बसले.