उन्हाळ्यात सगळे बराबर

"डोस्कं खाली कर गा."

हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. कोराडीच्या वीज केंद्रात मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि तारेचं एक बंडल मागायला स्टोअरमध्ये गेलो होतो. स्टोअरकीपरांनी माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलंच नाही, माझ्या कपाळाकडे पाहिलं. टेबलाला वळसा घालून आले, माझी मान खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि दोन बोटांनी केस बाजूला सारून आत पाहू लागले. मला लहानपणी उवा काढणारी आई आठवली.

"समोरचं गेलं समज," निकाल लागला. "मधातलं मूळ जितं हाय अजून. लगन झालं?"

"नाही."

"मंग लवकर करून टाक."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो नमस्काराआधी सल्ला देतो. आपण त्याच्यावर चिडतो आणि मग महिन्याभरात स्वतःहून त्याच्याकडे जाऊ लागतो. माझंही तेच झालं. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागलो.

भाऊंचं स्वतःचं डोकं घासलेल्या तांब्याच्या बुडासारखं लख्ख होतं. कानांच्या वर तेवढी एक झालर. पंचविशीतच मैदान साफ झालेलं. लग्न उशिरा जमलं, त्याचं कारण कोणी विचारत नसे. मधल्या वर्षांत डोक्यावर जे जे चोळता येतं ते ते त्यांनी चोळून पाहिलं होतं. हरल्यावर माणूस गप्प बसतो. हे गृहस्थ हरून तज्ज्ञ झाले.

आमच्या वसाहतीत केस गळायला लागले की लोक पाण्याला नाहीतर राखेला शिव्या देत. चिमणीतली राख वाळत घातलेल्या चादरींवर बसायची, मग ती डोकं कशी सोडेल, असा सगळ्यांचा हिशेब. भाऊंना तो मुळीच मान्य नव्हता. "राखेनं केस जाते त माह्या बायकोचे काहून नाई गेले? थे त दिवसभर आंगणात असते. फालतू बाता नका करू. आपापल्या बापाचा फोटो पाहा."

एकदा एक नवे इंजिनिअरसाहेब महागडं तेल घेऊन आले आणि बाटली भाऊंपुढे ठेवली. भाऊंनी झाकण उघडून वास घेतला. "वास झकास हाय, साहेब. लावा. डोस्कं थंड राहीन, झोप चांगली लागन. केसाचं म्हणाल, त केसाले काई मालूमच पडणार नाई." साहेबांनी तरीही बाटली संपवली. झोप छान लागत असल्याचं मात्र त्यांनी प्रामाणिकपणे येऊन सांगितलं.

विगचा प्रयोगही भाऊंनी तरुणपणी केला होता. काटोलला एका लग्नाला ते विग घालून गेले. मांडवात सख्ख्या मावशीनं पाणी आणून दिलं आणि "कोणाकडले होय जी तुमी?" म्हणून विचारलं. कोणीच ओळखेना, तेव्हा त्यांना वरपक्षात बसवलं, मानपानही झाला. शेवटी घामानं जीव नकोसा झाला आणि त्यांनी विग काढून मांडीवर ठेवला. तशी मावशी ओरडली, "अवं माय, हा त आपला पोट्टा होय!" पुढे तो विग वसाहतीच्या गणपतीत नाटकाला गेला. दरवर्षी कोणीतरी तो घालून नायक व्हायचा आणि भाऊ पहिल्या रांगेत बसून "केस चांगलं काम करून राह्यले" अशी दाद द्यायचे.

नवीन काही निघालं की मात्र त्यांचे डोळे चमकत. मुंबईकडे डॉक्टर मागचे केस काढून पुढे लावतात, असं कुठूनसं त्यांच्या कानावर आलं होतं. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेला माणूस, त्याला ते लगेच पटलं. "कलमच होय ना थे. आंबट जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला त फळ संत्र्याचंच लागते. मागच्या केसाले गळायची आदत नाई, थो समोर येऊन बी गळणार नाई. पण अजून त्यायचा हात बसला नाई. थांब जरा."

"आणि औषध?" मी विचारी.

"निंघन!" यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "पण केसाचं औषध शोधणाऱ्याले नाई सापडणार. दुसऱ्याच बिमारीची गोळी देतीन अन् केस उगवन. माह्या हयातीत नाई त तुह्या." त्यांच्या तोंडून ऐकताना मलाही ते खरं वाटे. आरशासमोर जाईपर्यंत तरी.

उन्हाळा हा भाऊंचा आवडता ऋतू. आमच्याकडे एप्रिल लागला की साहेबापासून हमालापर्यंत जो तो पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळून फिरतो. भाऊ स्टोअरमध्ये येत, दुपट्टा सावकाश उलगडून खिळ्याला टांगत आणि म्हणत, "उन्हाळ्यात सगळे बराबर." पावसाळ्यात त्याच खिळ्यावर काळी टोपी असे, थंडीत मफलर. हे आम्ही रोज पाहत होतो, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नव्हतं.

मग एका वर्षी त्यांच्या कुंदाला चाई पडली.

कुंदा त्यांची एकुलती एक मुलगी, दहावीला होती. कमरेपर्यंत वेणी. वेणी घालताना वहिनींना मागच्या बाजूला रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली. महिन्याभरात तशा आणखी दिसू लागल्या. अख्ख्या वसाहतीची डोकी तपासणाऱ्या भाऊंनी घरातलं डोकं पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं. शेजारणी कांद्याचा रस सुचवून गेल्या, कोणी गुंजेचा लेप आणून दिला. एरवी यातल्या प्रत्येकीची भाऊंनी फिरकी घेतली असती. आता ते नुसते ऐकत बसत.

शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी मला सोबत नेलं. डॉक्टर भले होते. मलम दिलं, आणि म्हणाले की मुळं जिवंत आहेत, बहुतेक केस परत येतील, कधी ते सांगता येत नाही.

"बहुतेक?" भाऊंनी विचारलं.

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले.

परत येताना बसमध्ये ते मलमाची डबी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. इतकी वर्षं लोकांना बिनदिक्कत भविष्य सांगणारा माणूस त्या एका शब्दापाशी अडून बसला होता. मला त्यांची फार दया आली.

परीक्षा पार पडली आणि उन्हाळा आला. उन्हाळ्यानं कुंदाला सांभाळून घेतलं. सगळ्याच पोरी डोकं बांधून फिरत होत्या, तीही फिरे. पण तिनं घरी सांगून टाकलं होतं, कॉलेजात जाणार नाही. तिकडे डोकं उघडं ठेवावं लागेल, आणि मुली हसतील. तिच्या मामांनी तेवढ्यात एक स्थळही आणलं. "लगन करून टाका. पदर असते डोस्क्यावर, कोणाले दिसते?" वहिनींचं मन डळमळलं. भाऊंनी मामांना चहा पाजला आणि निरोप दिला. "लपवून देण्यासारखी माही पोट्टी नोय," एवढंच म्हणाले.

मे महिन्याच्या शेवटी ते तिला नरखेडकडे भावाच्या बागेत घेऊन गेले. विहिरीवरचा पंप बिघडला होता म्हणून मीही बरोबर होतो. तिकडे मृगाचा बहार घ्यायचा असला की उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होऊन गळतात, बाग पाहवत नाही. पाऊस आला की त्याच झाडांना पालवी आणि फुलं एकदम फुटतात. भाऊंनी एका काटकीवर नख मारलं. वरची साल निघाली, खाली हिरवं होतं.

"पाह्य, माय," ते कुंदाला म्हणाले. "ताणावर हाय. मूळ जितं हाय याचं."

"बाबा, मी झाड नोय," कुंदा म्हणाली. "झाडाले कालेजात जावं लागत नाई."

भाऊ हसायला गेले, पण तिचं संपलं नव्हतं. "लोकाले सांगता, टकलानं काई बिघडत नाई. मंग तुमी टोपी काहून घालता? घरातून एक दिवस तरी बिना टोपीचे बाहेर गेले का?"

मी पंपात डोकं घातलं. मग हळूच भाऊंकडे पाहिलं. दुपट्टा बांधलेलं ते डोकं मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. ऋतू बदलत होते, पण घराबाहेर पडताना डोकं कायम झाकलेलंच होतं. हातातली काटकी टाकून ते म्हणाले, "बराबर हाय तुहं," आणि विहिरीकडे निघून गेले.

कुंदा पहिल्या वर्गात पास झाली. जुलैत कॉलेज सुरू झालं त्या सकाळी मी वसाहतीच्या बसस्टॉपवर उभा होतो. समोरून भाऊ आले, डोक्यावर काही नाही. आभाळ भरलेलं होतं तरी ते डोकं चमकत होतं. मागून कुंदा, डोक्याला घट्ट रुमाल बांधून, खाली पाहत. रांगेतली माणसं कुजबुजली. एक फिटर तर तोंड उघडं टाकून पाहतच राहिला.

"पाह्य गा, पोटभर पाह्य," भाऊ मोठ्यानं म्हणाले. "तिकीट नाई लागत."

रांग हसली. फिटरही हसला. आणि खाली पाहतच कुंदाही खुदकन हसली. बस आली तेव्हा भाऊंनी तिला हळूच सांगितलं, "तू बांध. सोडावा वाटला त सोड, नाई त नको सोडू. मी नाई बांधत आता." ते तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवून आले. तासभर उशिरा स्टोअरमध्ये शिरले आणि खिशातली काळी टोपी त्यांनी खिळ्याला अडकवली. ती परत कधी काढली नाही.

रुमाल बांधून का होईना, कुंदा रोज जाऊ लागली. भाऊ रोज उघड्या डोक्यानं कामावर येत. पावसात भिजत, पुढे थंडीत कुडकुडत. मफलरचा विषय मी काढला तर माझ्यावरच डाफरले. कुंदाचे केस परत यायची आम्ही सगळे वाट पाहत होतो, पण विचारायची हिंमत कोणाची होत नव्हती.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी ते धापा टाकत आमच्या विभागात घुसले. "निंघाले गा! निंघाले!"

चाईच्या जागी लव आली होती. "पण पांढरी हाय," असं सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला, आणि लगेच वर गेला. "असू दे. संत्र्याचं फूल बी पांढरंच असते." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. कारखान्याच्या त्या गोंगाटात आम्ही दोघं मूर्खासारखे एकमेकांचे हात धरून उभे होतो.

पुढे ते केस काळे झाले. रुमाल केव्हा सुटला ते मला माहीत नाही. कुंदानं त्याचा गाजावाजा केला नाही.

भाऊ निवृत्त होऊन गावी गेले. एकदा मुद्दाम बसनं कोराडीला आले, हातात वर्तमानपत्राचा तुकडा. अमेरिकेत रक्तदाबाच्या एका गोळीनं रोग्यांना केस येऊ लागल्याची बातमी होती. "म्हणलं होतं ना? दुसऱ्याच बिमारीचं निंघलं!"

"मग घेणार का तुम्ही?"

"माह्यं मूळ गेलं गा. तुह्या कामी येईन. पण घाई नको करू, पयले त्यायले त्यायच्या डोस्क्यावर पाहू दे." माझं डोकं खाली करून त्यांनी एकदा पाहिलं, आणि प्रथमच निकाल न देता पाठीवर थाप मारली.

त्या हिवाळ्यात ते गेले. अगदी झोपेतच.

मे महिन्यात कुंदा आली. आता ती नागपुरात शाळेत शिकवते. मी सामान घ्यायला स्टोअरमध्ये गेलोय असं कोणी सांगितलं म्हणून तिकडेच आली. "काका, बाबाची टोपी हाय का अजून इथं?"

टोपी खिळ्यावरच होती. इतक्या वर्षांत कोणी हलवली नव्हती. कुंदानं ती झटकली, तशी राख उडाली. टोपी पर्समध्ये ठेवताना तिची नजर माझ्या कपाळावर गेली.

"डोस्कं खाली करा, काका."

तिनं मला खिडकीपाशी नेलं. तीच दोन बोटं, तसंच आत पाहणं. नवा स्टोअरकीपर थक्क होऊन बघत होता.

"मधातलं बी गेलं," ती म्हणाली. बापासारखीच, काडीचीही भीड न ठेवता.

"मग आता?"

"औषध निंघन. बाबा म्हणत होते म्हणजे निंघनच. तवर पाहू द्या लोकाले. तिकीट नाई लागत."

ती निघाली तेव्हा मी दारात उभा होतो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि बसस्टॉपवर झाडून सगळ्यांची डोकी दुपट्ट्यात गुंडाळलेली होती. "ऊन लागन वं, काही बांध!" मी ओरडलो. तिनं मागे न पाहता हात हलवला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. त्या सगळ्या बराबर डोक्यांमध्ये तिची लांब काळी वेणी तेवढी उघडी होती.