उलटं धरायची बातमी

माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशात चांगला धडधाकट असताना आमच्या घरात त्याच्या नावानं रडारड झाली, आणि तिचा कर्ताकरविता मी होतो.

लढाईचे दिवस. दादा फौजेत नाईक, आणि मी सांगलीचं कॉलेज सोडून, खादी घालून विट्याजवळच्या आमच्या गावी परतलेलो. म्हणजे एक मुलगा सरकारचा, एक सरकारच्या विरुद्ध आणि मध्ये आई. गावात रेडिओ एकच, पेन्शनर सुभेदारमामांच्या सोप्यात. मामांचे दोन्ही कान पहिल्या लढाईतल्या तोफांनी नेलेले. (मग रेडिओ घेतला कशाला, हे विचारून उपयोग नव्हता, कारण त्यांना ऐकू येत नसे.) बातम्या हिंदुस्थानीत, त्यात खरखर फार. त्यामुळे रेडिओला कान लावून गावाला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

सरकारी रेडिओ फक्त सरकारचीच बाजू सांगतो, असं माझं ठाम मत होतं आणि मी ते गावाच्या गळी उतरवलं. ‘फौजा ठरल्याप्रमाणे मागे आल्या’ म्हणजे पळाल्या. ‘परिस्थिती काबूत आहे’ म्हणजे हाताबाहेर गेली. नियम सोपा: ऐकायचं आणि उलटं धरायचं. माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी आई. रेडिओनं किती वाजले ते सांगितलं तरी ती अंगणात जाऊन उन्हाकडे बघून यायची.

अशात दादाची पत्रं बंद झाली. चार महिने एक ओळ नाही. आई रोज संध्याकाळी सगळ्यांच्या आधी सोप्यात येऊन बसायची.

एका संध्याकाळी बातम्यांनंतर जवानांचे घरच्यांना निरोप सुरू झाले आणि त्यात दादाचं नाव आलं, गावाचं नाव आलं! मी श्वास रोखून निरोपाची दोन वाक्यं ऐकली. दुसरं गाळलं (ते फारसं महत्त्वाचं नव्हतं, असं आपलं माझं मत) आणि पहिलं ओरडून सांगितलं, “दादा सुखरूप हाय! काळजी करू नगा म्हणतोय!”

मी हसत वळलो, तर आई मटकन खाली बसलेली. तोंडाला पदर. शेजारच्या तानूकाकूनं गळा काढला, तिच्यामागे साऱ्या बायकांनी. कुणी आमची चूल विझवायला धावलं, कुणी पाहुण्यांना सांगावा धाडायला. सुभेदारमामांनी एकंदर रंग बघितला आणि उठून कडक सलाम ठोकला.

“आयं, अगं सुखरूप हाय म्हणतोय रेडिओ!”

“व्हय. म्हंजी उलटं.”

“ही बातमी खरी हाय.”

“बाकीच्या खोट्या, आन् हीच तेवढी खरी कशावरनं?”

मग मी, खादीधारी, भर सोप्यात सरकारी रेडिओची वकिली केली. सरकार असल्या बाबतीत खोटं बोलत नाही, असंही म्हणालो. एकालाही पटलं नाही. पटू नये अशी शिकवण मीच दिली होती. आईच्या तोंडावरचा पदर हलेना. ते मला बघवेना. शेवटी गाळलेलं वाक्य काढावंच लागलं.

“आनखी एक म्हणला त्यो,” मी पुटपुटलो. “धाकट्याला म्हणावं, आईपुढं लय शहाणपणा करू नगंस.”

आईनं मला ते परत म्हणायला लावलं. जरा मोठ्यानं. मग तिनं तोंडावरचा पदर काढला.

“ह्यो माझा शंकरच,” ती म्हणाली. “सरकारला ह्ये कुठनं ठावं असणार?”

ती हसली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. मीही रडलो, त्याची मला आजही लाज वाटत नाही. तानूकाकू तेवढी गळा अर्ध्यावर सोडून भाकऱ्या थापायला गेली.

त्या दिवसापासून सरकारी रेडिओवर आईचा पूर्ण विश्वास बसला. रेडिओ जे म्हणेल ते ती सरळच धरू लागली. माझ्याकडे मात्र, मी कसलीही बातमी सांगितली की, साऱ्या गावासमोर डोळे बारीक करून बघायची आणि विचारायची, “आन् ह्यातलं गाळलंस काय रं?”