भोकातनं बघणारे मामा

"भोकाकडं बघू नका, भोकातनं बघा." मुरुमच्या आमच्या शाळेत रायफल शिकवायला येणारे निवृत्त हवालदारमामा प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी हेच सांगत. मी तिथली क्रीडाशिक्षिका, पण मलाही त्यांनी सोडलं नव्हतं.

एअर रायफलवर डोळ्याजवळ बारीक भोकाची एक चकती असते आणि पुढं नळीच्या तोंडाशी एक कडं. ते कडं भोकाच्या बरोबर मधोमध आणायला मी जिवाचा आटापिटा करायचे. मामा म्हणाले, "मॅडम, मधी आणायचं काम डोळा न सांगता करतोय. तुम्ही कडं साफ बघा अन् समोरच्या कागदावरचा काळा ठिपका त्यात बसवा. बाकीची हमाली कशाला?" त्या दिवशी माझे छर्रे पहिल्यांदा कागदाला लागले.

भोकावर या माणसाची भलतीच श्रद्धा. एसटीच्या तिकिटाला टाचणीनं भोक पाडून ते त्यातून पेपर वाचत. "लई साफ दिसतंय." तुम्ही हसला असता, मीही हसले.

मग शाळेनं फर्मान काढलं. डोळे तपासल्याचा दाखला आणा, नाहीतर शिकवायला दुसरा माणूस येईल. दवाखान्यात मी सोबत गेले, तेव्हा बाकावर बसून मामा हळूच बोलले, "वरीस झालं, समदं धुरकट दिसतंय. मोतीबिंदूच असणार. सुटली आता रायफल." मला फार वाईट वाटलं.

तक्त्यासमोर मामांनी मूठ डोळ्याला लावली, बोटांत बारीक भोक ठेवलं आणि शेवटची ओळ खडाखड वाचली. लबाडी उघडी पडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी मात्र पुन्हा नीट तपासलं आणि त्या हसल्या. "बाबा, भोकातून एवढं स्पष्ट दिसतंय, तेव्हाच मला शंका आली. मोतीबिंदू असता तर भोकातूनही धुरकटच दिसलं असतं. तो नाही तुम्हाला, नुसता नंबर आहे. चष्मा घ्या."

पुढं तीन वर्षं मामांनी ताठ मानेनं शिकवलं. आता ते येरमाळ्याला लेकीकडं असतात आणि मुलींना मी शिकवते. मला त्यांची रोज आठवण येते, त्यातही ते चष्मा लावून आले त्या सकाळची. मुली ओळीनं उभ्या होत्या. मामा एकेकीसमोर थांबून नुसते बघत राहिले.

"छर्रा सुटायच्या आधीच श्वास सोडणारी कोण गं?"

एकीनं भीतभीत हात वर केला.

"असं व्हय," मामा म्हणाले, "तू अशी दिसतीस तर."