गस्तीच्या बोटींचा खर्च

समुद्र नसलेल्या आमच्या सोलापुरात एक चादरींचे दुकानदार रोज संध्याकाळी बाबांशी भांडायला येत. इंग्रजांच्या वसाहतीत किनाऱ्यावरच्या गस्तीच्या बोटींचा खर्च कोणी करायचा, हा एकच वाद. इतिहासाचे शिक्षक असलेले बाबा लंडनची बाजू घेत. दुकानदार मांडीवर थाप मारून वसाहतीच्या बाजूने ओरडत, “बोटी तुमच्या, व्यापार तुमचा, अन् पैसे आमी द्यायचे व्हय, सर?”

आतल्या खोलीत मला त्यांचा हेवा वाटे. माझ्याशी बाबा इतकं कधी बोललेच नाहीत.

बाबा गेल्यावर मी त्यांची पुस्तकं वाचून काढली. परवा दुकानदार आले, तेव्हा बाबांच्याच खुर्चीत बसून म्हणालो, “किनारा तुमचा राखला जातो, मग खर्चही तुम्हीच द्या.”

थाप पडली नाही.

“व्हय बाळा, देऊ की,” ते हळूच म्हणाले.

बाबांना त्यांनी एकदाही असं जिंकू दिलं नव्हतं.