दाराबाहेर ओळख नाही

आमच्या मावसाजींइतकी माणसं ओळखणारा आणि त्यांच्याइतकीच माणसं न ओळखणारा दुसरा इसम त्या काळी अख्ख्या नागपुरात नव्हता. घरचे हातमाग बंद पडल्यावर ते सदरमधल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर चिकटले. तिथे मेंबरांपुरता क्लब होता. पिणं, पत्ते आणि शनिवारी बाईचा नाच. मी बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचो आणि मावसाजी दारावर बसायचे. दोन जुन्या मेंबरांनी शब्द दिल्याशिवाय नवा माणूस आत जात नसे, आणि आत गेलेल्याचं नाव बाहेर येत नसे. हा दुसरा नियम मालकानं केला होता, पण तो पाळण्याचं वेड मावसाजींचं स्वतःचं.

वेटरांनाही नावं कळू नयेत म्हणून त्यांनी मेंबरांना गावं वाटून दिली होती. "उमरेड आले, पंखा लावा," "सावनेरले सोडा द्या." एकदा खरोखरीच काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी मेंबर झाले आणि आपल्याला काटोलच म्हणावं म्हणून अडून बसले. "काटोल कवाचे आत बसले हायेत," मावसाजी शांतपणे म्हणाले, "तुम्ही नरखेड व्हा." बिचारे मरेपर्यंत नरखेड राहिले. कुणाची बायको फोन करून "आमचे हे आहेत का तिथे?" विचारू लागली, तर मावसाजी अत्यंत अदबीनं सांगायचे, "बाई, इथं कोणाचेच हे येत नाहीत."

बाजारात मेंबर दिसला की मावसाजी पाठ फिरवून समोर असेल त्या भाजीकडे टक लावून पाहायचे. एकदा एक मेंबर सहकुटुंब जवळच गप्पा मारत उभा राहिला आणि हलेचना. तेवढ्या वेळात मावसाजींनी पिशवीभर वांगी घेतली. मावशीनं चार दिवस वांगी रांधली आणि चारही दिवस तोंड सोडलं. "कोण होतं ते तरी सांगा!" "सांगता येत नाही." घरात हे उत्तर इतकं रुळलं होतं, की भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी तेच यायचं.

हसण्यासारखं होतं, आम्ही हसलोही. मग शालूचं लग्न जमायची वेळ आली. शालू म्हणजे मावसाजींची एकुलती एक मुलगी, शाळेत शिकवायची. तिच्याच शाळेतला एक मास्तर तिला आवडला होता, त्यालाही ती. मुलाच्या वडिलांनी येऊन मुलगी पाहायची, एवढंच बाकी होतं. आपले वडील हॉटेलात मॅनेजर आहेत असं शालूनं सांगून ठेवलं होतं.

मावसाजींच्या प्रताप नगरच्या दोन खोल्यांत मुलाचे वडील आले, आणि माझ्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला. ते रामटेक होते! दर शनिवारी पहिल्या रांगेत बसणारे आमचे रामटेक. मावसाजींना पाहून त्यांचा चेहरा उतरला. मावसाजींनी मात्र हात जोडले आणि विचारलं, "घर सापडायले त्रास नाही ना झाला?" जन्मात पहिल्यांदा पाहत असल्यासारखं. त्या गृहस्थाला निश्चिंत करावं, एवढाच त्यांचा हेतू होता. पण तो निश्चिंत झाला नाही. असा व्याही म्हणजे आपलं गुपित जन्मभर घरात पाट मांडून बसणार, हे त्याला दिसलं असावं. चहा अर्धा टाकून तो उठला. दोन दिवसांनी निरोप आला, मुलीचे वडील असल्या ठिकाणी नोकरी करतात, आमच्या घराण्यात चालणार नाही. मुलगाही वडिलांपुढे गप्प बसला.

"असल्या ठिकाणी! अन् तो स्वतः?" मी संतापून म्हणालो. "तुम्ही काहून बोलत नाही, मावसाजी?"

"तो मेंबर हाय गा."

"शालू तुमची पोरगी आहे!"

"तो माह्या भरवशावर जिना चढला," एवढंच ते म्हणाले. पुढच्या शनिवारी रामटेक आले, तेव्हा मावसाजींनी नेहमीच्याच अदबीनं दार उघडलं, खुर्ची पुसून दिली. त्या दिवशी माझी बोटं सुरावर पडत नव्हती.

शालूनं पुढे लग्न केलं नाही. शाळा, मुलं आणि आई-वडील, यात तिची वर्षं गेली. मुलाचे वडील आमच्याच क्लबचे मेंबर होते, हे मीच तिला सांगून टाकलं होतं. तरी ती वडिलांशी कधी भांडली नाही.

क्लब बंद पडला, मावशी गेली, मावसाजी अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी भेटायला गेलो होतो. शालू त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "बाबा, ते पाहायला आले होते, ते तुमचे मेंबर होते ना?"

"कोण वं?"

"आता तर क्लबही नाही राहिला, बाबा. एकदा हो तर म्हणा."

त्यांचे डोळे भरून आले. ओठ हलले, मला वाटलं आता बोलतील. पण त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाले, "सांगता येत नाही बेटा."

शालूनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि पुन्हा चमचा भरला. मला त्या माणसाचा मनापासून राग आला, आणि इतकी माया त्यांच्याबद्दल मला कधी वाटली नव्हती. तिला काही जाणून घ्यायचं नव्हतंच. आपल्यासाठी बाबांनी एकदा तरी तो नियम मोडावा, इतकंच तिला हवं होतं.