पूल घ्या, बाई

माझी थोरली सून अंध मुलांच्या शाळेत शिकवते. शाळेत सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून घरातही ती बाईच, मलासुद्धा. तिच्यासमोर कोणी "सिलेक्ट केलं" म्हणालं की ती लगेच विचारते, "निवडलं म्हणायला जीभ दुखते का?" संगणक दुरुस्त करणाऱ्यालाही तिने पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "माझ्याशी सरळ मराठीत बोलायचं." तो बिचारा तेव्हापासून शब्द जुळवून जुळवून बोलतो.

मुलांच्या प्रश्नपत्रिका ती पंधरा वर्षं एकाच प्रोग्रॅमवर करत आली. आपण अक्षरं टाइप करायची, तो त्यांचे ठिपके करतो आणि शाळेतलं यंत्र ते जाड कागदावर उठवतं. पण हा प्रोग्रॅम जगावेगळा. सगळ्यांचे संगणक ज्या प्रणालीवर चालतात तिच्यावर तो चालत नाही. चार हौशी माणसांनी बनवलेली निराळीच प्रणाली त्याला लागते. जुना संगणक गचकला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक बसवला आणि त्यात ही प्रणाली घातली. मला तर भारी मौज वाटली. पडद्यावर हातभर चौकट आणि त्या चौकटीत दुसरा संगणक, स्वतःचं घड्याळ लावून बसलेला!

मौज माझी, डोकेदुखी बाईची. पोटातल्या संगणकाला बाहेरचं जग दिसेचना. दुपारी दोनला परीक्षा. अकरा मुलांचा मराठीचा पेपर आत तयार, पण छापायलाच दोन तास. म्हणजे बाराच्या आत तो शाळेला ईमेलने जायला हवा. पेनड्राइव्ह लावला, तर आतला त्याला ओळखच दाखवेना. सकाळी आठपासून ती बसली होती आणि आता साडेदहा वाजले होते.

मुख्याध्यापिकेचा फोन आला. "नाहीच जमलं तर प्रश्न वाचून दाखवू. त्यात काय एवढं?"

फोन ठेवला आणि बाई माझ्यावर बरसली. "त्यात काय एवढं! माझी ती दोन वेण्यांची पोर एकेका प्रश्नावरून चारदा बोट फिरवते, आबा. वाचणाऱ्याला ती चारदा 'परत सांगा' म्हणेल? लाजेल आणि प्रश्न सोडून देईल."

मग तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"मांडणीत जा, बाई. जाळं उघडा. आता पूल घ्या."

"घेतला."

"मग आतल्याला जाळ्यावरचा पत्ता मिळाला?"

"कसला मिळतोय! पहिला आकडा भरला, शेवटचाही भरला. तीनदा बंद करून चालू केला."

"आकडे असू द्यात. पूल तेवढा नीट घ्या."

"अहो, पुलातच बसलेय सकाळपासून!"

"मग झालंच पाहिजे," तो म्हणाला, आणि त्याला दुसरीकडे कोणी हाक मारली.

बाई चिडली की शिव्या देत नाही. घड्या घातलेले कपडे उलगडते आणि परत घड्या घालते. चादरीपासून सुरुवात झाली. माझा सदरा दोनदा उलगडला गेला.

मी आपला पडद्याशी जाऊन बसलो. माझं इंग्रजी म्हणजे गावाबाहेरच्या ओढ्यावरची पाटी. वर मराठीत 'अरुंद पूल', खाली तेच इंग्रजीत. शाळेला जाता-येता सात वर्षं वाचली, म्हणून ते दोन शब्द डोळे मिटूनही लिहीन. गुरुजींनी शिकवलेलं सगळं धुऊन गेलं, पाटी राहिली.

"बाई," मी म्हटलं, "तू हा पूल का घेत नाहीस?"

"आबा, आता नको हं."

"अगं, हा बघ की. ब्रिज. आमच्या ओढ्यावरचा!"

तिच्या हातातली उशीची खोळ हातातच राहिली. पडद्यावर पत्त्यांचे आकडे भरायचा एक रकाना होता, त्यावर इंग्रजीतला 'पूल' लिहिला होता, म्हणजे साठा. बाई सकाळपासून त्या पुलात आकडे ओतत होती. आणि तो बापडा तिच्या धाकाने ब्रिजला मराठीत पूल म्हणत होता!

"मीच सांगितलं होतं त्याला," ती पुटपुटली. "सरळ मराठीत बोला म्हणून. भोगा आता!"

मग तिने रकान्यातले आकडे पुसले आणि माझ्या ओढ्यावरचा पूल घेतला. आतलं यंत्र बंद करून चालू केलं. मिनिटभरात त्याला पत्ता मिळाला. बारा वाजायला नऊ मिनिटं असताना पेपर गेला आणि पाठोपाठ पायांत चपला सरकवून बाईही गेली.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी दारातच विचारलं, "दोन वेण्या काय म्हणाल्या?"

बाईने पिशवी खुर्चीवर आपटली. "काय म्हणणार? अर्ध्या तासात हात वर. 'बाई, तिसऱ्या प्रश्नात ठिपके कमी आहेत. काना गेलाय.' सगळ्या वर्गासमोर! इतकी वर्षं पेपर काढतेय आणि आजच काना खाल्ला मी!"

"मग?"

"मग काय! चारदा बोट फिरवून शोधला असणार कार्टीने," ती म्हणाली, आणि पलंगावरची चादर उलगडायला घेतली.