न बनणाऱ्या चौकोनाचे चार गुण

नळ स्टॉपच्या चौकात एप्रिलपासून एका पोराचा फ्लेक्स लटकतोय. मागे रॉकेट, वर फुलं, आणि खाली क्लासच्या मालकाचा हात जोडलेला फोटो, पोराच्या दुप्पट आकाराचा. पुण्यात हल्ली माणूस वारला तरी फ्लेक्स आणि नगरसेवकाच्या पुतण्याला मिसरूड फुटलं तरी फ्लेक्स, त्यामुळे डोळे निर्ढावलेत. पण ह्या एका फ्लेक्सची मला शिसारी येते. रिक्षा तिथून जायला लागली की मी तोंड फिरवतो. तो फ्लेक्स लावण्यात माझाही हात आहे.

त्या पोराचा काही दोष नाही. शौनक त्याचं नाव, चांगला मुलगा आहे म्हणतात. मला सांगायचंय ते आम्रपाली ओव्हाळ यांच्याबद्दल. त्यांचा फ्लेक्स कुणी लावणार नाही आणि चुकून लावलाच, तर त्या स्वतः जाऊन उतरवतील.

मी श्रीनिवास आगाशे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून क्लासवाल्यांना प्रश्नपत्रिका काढून देतो. 'काढतो' असं आपलं म्हणायचं. खरं म्हणजे जुन्या पेपरातलं गणित उचलायचं, आकडे फिरवायचे, आंब्यांच्या जागी मोबाईल घालायचे आणि चहा प्यायचा. हे सगळेच करतात. मीही केलं.

हे पेपर छपाईसाठी जुळवून द्यायचं काम आम्रपालीबाईंचं. नारायण पेठेतल्या एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानामागे, त्यांचं डीटीपीचं टेबल. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पेपरवेटएवढी बुद्धाची मूर्ती. बाई राहतात वारज्याला, नवरा मांजरी गावात नोकरीला. वडील पोस्टात टपाल निवडायचे. दहावीला बाईंना गणितात एकोणतीस मिळाले होते. ऑक्टोबरला पुन्हा बसून छत्तीस काढले आणि टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लाजून नाही, आपला पत्ता सांगावा तसं. त्याला बावीस वर्षं झाली; तेव्हा मी शाळेचे पेपर त्यांच्याकडे न्यायचो.

बावीस वर्षं दुसऱ्यांची गणितं टाईप करून ह्या बाईला गणित आलं. आम्हा मास्तरांना शिकवून येत नाही ते तिला टाईप करून आलं. एकदा मी दिलं होतं: आई आणि मुलगा यांच्या वयांची बेरीज सत्तावीस, आईचे वय मुलाच्या दुप्पट, तर दोघांची वये काढा. बाईंनी प्रूफ पुढे केलं आणि शांतपणे विचारलं, "सर, ही बाई नऊ वर्षांची असताना बाळंत झाली का?" मी आईची ताई केली. दुसऱ्या एका सरांच्या पिशवीत पाच लाल, चार निळे आणि तीन हिरवे चेंडू होते आणि लाल निघण्याची संभाव्यता पाच छेद तेरा. "तेरावा चेंडू कुठंय?" ह्या प्रश्नावर ते सर बाईंवर महिनाभर रुसले होते. आणखी एका महाभागाच्या सहलीला साडेसात मुलं गेली होती.

पण बाईंची खरी खोड आकृतीची. बाकीचे ऑपरेटर कसाही एक त्रिकोण ओढतात, त्यावर आकडे चिकटवतात आणि मोकळे होतात. बाई मोजून काढायच्या. पाच म्हटलं की पाच, साठ अंशांचा कोन म्हटलं की साठ. त्यात वेळ जायचा. मी म्हणायचो, "अहो, कच्ची चालेल. खाली लिहा, आकृती प्रमाणात नाही." त्यावर त्या म्हणायच्या, "कच्ची म्हणजे खोटी का सर?" आणि मोजायला लागायच्या. मला हसू यायचं. आता येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत 'अचूक अकॅडमी'च्या अनिरुद्धने मला पेपर सांगितला. हा अनिरुद्ध माझाच जुना विद्यार्थी. वर्गात कधी प्रश्न विचारला नाही त्याने, आणि आता गणिताचा कारखाना चालवतो. दहावी झालेल्या मुलांची लेखी परीक्षा, शंभर गुणांची. पहिला येईल त्याला अकरावी-बारावीची खास बॅच पूर्ण मोफत. जागा एकच. ज्या घरांत त्या बॅचच्या फीचा आकडा ऐकूनच लोक विषय बदलतात, त्या घरांसाठी ही एकच फट होती.

मी हस्तलिखित घेऊन गेलो तेव्हा बाईंनी ते हातात घेतलं नाही.

"सर, ह्या परीक्षेला आमची निकिता बसतेय. हा पेपर दुसरीकडे द्या."

बरोबर बोलत होत्या. पण दुसरीकडे म्हणजे अप्पा बळवंत चौकातल्या छापखान्यांचे जिने चढा, नव्या माणसाला करणीचिन्ह म्हणजे काय ते समजवा, तीनदा प्रुफं तपासा. माझा आळस मी मोठेपणात गुंडाळला. "माझा विश्वास आहे तुमच्यावर. मी आहे ना, करा तुम्ही." मी आहे ना, असं म्हणालो होतो. लक्षात ठेवा.

चार दिवसांनी प्रूफ आलं. चौदाव्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं आणि आकृतीची जागा कोरी. गणित साधं: समांतरभुज चौकोनाच्या लगतच्या बाजू बारा आणि आठ सेंटीमीटर. बारावर टाकलेली उंची नऊ, तर आठवर टाकलेली उंची काढा. बारा नव्वे एकशे आठ हे क्षेत्रफळ, भागिले आठ, उत्तर साडेतेरा. चार गुण. हे गणित मी एकोणीस वर्षं वापरत होतो, कधी फळ्यावर, कधी हाताने लिहिलेल्या पेपरात; बाईंच्या टेबलावर ते पहिल्यांदाच आलं होतं.

"बसत नाही सर," बाई म्हणाल्या. "तीनदा काढून बघितली. बारा खाली ठेवली, त्यावर नऊवर रेघ मारली. आठची बाजू तिथपर्यंत जातच नाही."

"उत्तर येतंय ना?"

"उत्तर येतंय. चौकोन येत नाही." मग त्यांनी पट्टी टेबलावर उभी धरली. "आठ फुटी शिडी सरळ उभी केली तरी नऊ फुटांच्या माळ्याला पोचत नाही. तुम्ही तर ती तिरकी लावताय."

मला ते कळलं. त्याच क्षणी कळलं, हे मी कबूल करतो. पण एकोणीस वर्षं हजारो मुलांपुढे टाकलेलं गणित, आणि दहावीला एकोणतीसवाली बाई मला पट्टी दाखवतेय, ह्याचा मला राग आला. म्हटलं, "बाई, परीक्षेत शिड्या लावत नाहीत. सूत्र विचारलंय. आहे तसं ठेवा."

आमच्या धंद्यात शेवटच्या प्रुफावर पेपर काढणाऱ्याने सही करायची असते. मी त्या प्रश्नचिन्हाशेजारी लाल पेनाने लिहिलं, 'आहे तसे ठेवा', आणि झोकात सही केली. बाईंनी आकृती शेवटपर्यंत काढली नाही. चौदावा प्रश्न आकृतीविनाच छापला गेला.

निकाल लागला. शौनक चौऱ्याण्णव, निकिता एक्क्याण्णव. दुसरी. चौदाव्या प्रश्नात तिला शून्य होतं.

त्या शुक्रवारी दुपारी अनिरुद्धचा फोन आला, "सर, जरा या, एक पालक डोकं खातायत." मी गेलो. काचेची केबिन, एसी इतका की दात वाजावेत, भिंतीवर 'प्रश्न विचारा, मोठे व्हा' असं लिहिलेलं. समोर आम्रपालीबाई आणि निकिता. पोरगी आईसारखीच, किडकिडीत आणि सरळ बघणारी. टेबलावर तिची उत्तरपत्रिका होती. तिने लिहिलं होतं: उंचीमुळे काटकोन त्रिकोण होतो. कर्ण आठ, एक बाजू नऊ. उरलेल्या बाजूचा वर्ग चौसष्ट वजा एक्क्याऐंशी, म्हणजे उणे सतरा. बाजूचा वर्ग ऋण येत नाही, म्हणून असा चौकोन अस्तित्वात नाही.

चार ओळी. त्यावर तपासणाऱ्याने भोपळा काढला होता, कारण त्याच्या हातातल्या माझ्या उत्तरसूचीत साडेतेरा होतं. मला त्या भोपळ्याची किळस आली. माझ्याच उत्तरसूचीतून बाहेर पडलेला होता तो.

"मुलीचं बरोबर आहे," बाई अनिरुद्धला सांगत होत्या. "तुम्ही काढून बघा. मी पट्टी आणलीय."

अनिरुद्धने पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीत मागे रेलला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? हा पेपर टाईप कुणी केला होता?"

बाईंनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली. निकिताने आईकडे पाहिलं. तिला माहीतच नव्हतं, हे त्या पाहण्यातच दिसत होतं. पण ते पुराव्यात धरत नाहीत.

"नाही, आरोप नाही हं," तो म्हणाला. "पण चौदाशे मुलांत एकीलाच उणे सतरा सुचतं, आणि तिचीच आई टायपिस्ट. लोक विचारणार ना?"

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. पेपर नको म्हणाल्या होत्या ह्या बाई, मी लादला होता. चूक त्यांनी दाखवली होती, मी दाबली होती. हे सगळं सांगायला दहा शब्द पुरले असते. मी काय केलं? समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायलो. सावकाश, पूर्ण ग्लास. असल्या भेकड माणसाबरोबर मला रोज आरशासमोर दाढी करावी लागते.

बाईंच्या पर्समधून एका कागदाची घडी बाहेर डोकावत होती. मी ओळखली, सही केलेलं ते प्रूफ. माझं लाल पेन पलीकडून उमटलं होतं. त्यांनी ती काढली असती तर माझी अब्रू त्या टेबलावर पडली असती. त्यांनी पर्सची चेन लावली. मला वाचवायला लावली असेल, किंवा त्या कागदाने चूक सिद्ध झाली असती आणि आपल्याला ती आधीच ठाऊक होती हेही सिद्ध झालं असतं, म्हणून असेल. मी विचारायची हिंमत केलेली नाही.

त्या चेनच्या आवाजाने मला तोंड फुटलं. "अनिरुद्ध, चूक माझी आहे," मी म्हणालो. "प्रश्नच चुकीचा आहे. बाईंनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि त्यांनी पेपर घ्यायलाही नकार दिला होता. निकिताला चार गुण दे."

मग त्याने मनात बेरीज केली, मला दिसलं ते. एक्क्याण्णव आणि चार पंच्याण्णव. चौऱ्याण्णवपेक्षा एक जास्त.

"सर, म्हणजे ती पहिली येते," तो म्हणाला. "पेपर टाईप करणारीची मुलगी पहिली. आणि तुम्ही आत्ता माझ्यासमोर सांगताय की बाईंना चूक आधीच माहीत होती. शिवाय शौनकचा फ्लेक्स काल रात्रीच लागला. जाऊ द्या ना. आहे तसं ठेवू."

आहे तसं ठेवू. माझेच शब्द, त्याच निबर सुरात. वर्गात मी ह्याला दुसरं काही शिकवलं नसेल, हे नक्की शिकवलं होतं.

मग त्याला स्वतःच्या मनाचा मोठेपणा दाखवायचा झटका आला. म्हणाला, "असं करू मॅडम. तुमच्या समाधानासाठी निकिताची पुन्हा परीक्षा घेतो. वेगळा पेपर, इथेच, माझ्यासमोर. खरं-खोटं आपोआप कळेल."

निकिता लगेच पेन काढायला लागली. बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिची परीक्षा झाली," त्या म्हणाल्या. "ज्यांनी साडेतेरा काढलं, त्यांची घ्या पुन्हा. आणि त्यांना शिकवलं त्यांची."

उत्तरपत्रिका त्यांनी टेबलावरच ठेवली, पट्टी मात्र उचलून पर्समध्ये घातली. दार उघडून दोघी बाहेर पडल्या. मी मागोमाग निघालो. थांबा म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं, तरी गेलो. अनिरुद्ध मागून "सर, चहा सांगितलाय" म्हणत होता.

जिन्यात निकिता थांबली. रडत नव्हती. गणित अडलं की मुलं विचारतात, तसं तिने विचारलं, "सर, हा प्रश्न तुम्ही आधीही घातला होता ना? तेव्हा कुणीच असं लिहिलं नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. एकदा पाणी पिऊन झालं होतं, पुन्हा तेच करायचं नव्हतं.

"एकाने लिहिलं होतं," मी म्हणालो. "शाळेतल्या सहामाहीत, बारा-तेरा वर्षांपूर्वी. 'सर, आकृती बनत नाही' एवढंच लिहिलं होतं."

"मग?"

"मी लाल पेनाने लिहिलं, बनते, अभ्यास कर."

"आणि गुण?"

"शून्य."

निकिताने मान हलवली. त्या मुलाचं नाव काय, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आम्रपालीबाईंनी पर्समधली ती घडी काढून माझ्या हातात दिली. बावीस वर्षं त्या मला निघताना 'येते सर' म्हणत आल्या. त्या दिवशी नुसतंच 'येते' म्हणाल्या आणि वारज्याची बस धरायला रस्ता ओलांडून गेल्या.